तंतुवाद्यांचा सुरक्षित प्रवास : तंबोरा, सतार आणि गिटार यांची बांधणी

सांगली जिल्ह्यातील मिरज हे शहर तंबोरा आणि सतार यांच्या निर्मितीसाठी देशभर ओळखले जाते. पटवर्धन संस्थानिकांच्या काळात, एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास, शस्त्रे घडवणाऱ्या शिकलगार समाजातील फरीदसाहेब यांनी येथे तंतुवाद्ये बनवण्यास प्रारंभ केला, असे परंपरेने सांगितले जाते. किराणा घराण्याचे उस्ताद अब्दुल करीम खाँ यांचेही मिरजेत दीर्घ वास्तव्य होते. २०२४ मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन प्राप्त झाले. येथे तयार झालेली वाद्ये देशाच्या निरनिराळ्या भागांत आणि परदेशातही जातात.

मात्र कारागिराच्या हातून वाद्य पूर्ण झाले, तरी ते वादकाच्या हाती सुखरूप पोहोचेपर्यंत काम संपत नाही. भोपळ्याला गेलेला तडा सांधता येतो. परंतु त्या वाद्याचा मूळचा नाद परत येईलच, याची खात्री कोणताही कारागीर देत नाही. शिवाय परगावी तंबोऱ्याची दुरुस्ती करणारा आणि त्याची जवारी साधणारा जाणकार सहजासहजी मिळत नाही. म्हणूनच वाद्य पाठवण्यापूर्वी त्याची बांधणी कशी करावी, हे पाठवणाऱ्याने आणि मागवणाऱ्यानेही जाणून घेणे आवश्यक आहे.

वाद्य कोठे आणि का मोडते

प्रवासात वाद्य मोडते ते बहुधा हालचालीमुळे. खोका खाली आपटला की तो जागच्या जागी थांबतो, पण आतील वाद्य त्याच वेगाने पुढे जात राहते आणि खोक्याच्या भिंतीवर आदळते. वाद्याचा एक भाग घट्ट धरलेला आणि दुसरा मोकळा असेल, तर दोहोंच्या मधल्या सांध्यावर सारा ताण येतो. त्यामुळे बांधणीचे मूळ सूत्र एकच आहे : वाद्य पेटीत हलू नये, पेटी खोक्यात हलू नये आणि बाहेरचा धक्का आत पोहोचेपर्यंत मऊ थरांत जिरून जावा.

तंबोरा आणि सतार यांच्यामध्ये तीन जागा विशेष नाजूक असतात. पहिली म्हणजे भोपळा. सोलापूर जिल्ह्यातील पंढरपूर-मंगळवेढा परिसरात यासाठी खास भोपळे पिकवले जातात. वाळलेल्या भोपळ्याचे कवच पातळ असते. अंड्याप्रमाणे ते सर्व बाजूंनी सारखा येणारा दाब सहन करते, परंतु एकाच बिंदूवर बसलेल्या फटक्याने फुटते. दुसरी जागा म्हणजे भोपळा आणि दांडी यांना जोडणारा गळा. तिसरी जागा खुंट्यांची होय. त्या दांडीच्या बाहेर डोकावत असल्याने धक्का प्रथम त्यांनाच बसतो आणि खुंटीबरोबर तिच्या भोकाजवळचे लाकूडही चिरते.

बांधणीपूर्वीची तयारी

सर्वप्रथम वाद्याची सर्व बाजूंनी स्पष्ट छायाचित्रे घ्यावीत. आधीपासून असलेले ओरखडे, जुने सांधे आणि दुरुस्तीच्या खुणा यांचीही छायाचित्रे असावीत. पुढे नुकसानभरपाईचा प्रश्न उद्भवल्यास हाच मुख्य पुरावा ठरतो.

त्यानंतर तारा सैल कराव्यात. तारांचा ताण दांडी, गळा आणि तबली यांवर सतत असतो. त्यात धक्क्याची भर पडली की एरवी टिकला असता असा सांधाही निखळतो. तारा एकाच वेळी पूर्ण न सोडता प्रत्येक तार थोडी थोडी, आळीपाळीने उतरवावी. तंबोऱ्याची घोडी अनेकदा केवळ तारांच्या दाबानेच तबलीवर स्थिर असते. तारा उतरताच ती सरकते, पडते आणि तबलीवर ओरखडे उठवते. म्हणून तारा सोडण्यापूर्वी घोडीच्या जागेचे छायाचित्र घ्यावे, तबलीवर पेन्सिलीने अगदी फिकट खूण करावी आणि घोडी काढून मऊ कापडात स्वतंत्र गुंडाळावी. घोडीच्या पृष्ठभागावर साधलेली जवारी हाच तंबोऱ्याच्या नादाचा प्राण असल्याने त्या पृष्ठभागाला कोणतीही कठीण वस्तू लागू देऊ नये. जवारीसाठी तारांखाली घालावयाचे सूत आणि तारांवरील मणी एका लहान पिशवीत ठेवून ती पिशवी घोडीसोबतच बांधावी.

सतारीला वरच्या बाजूस दुसरा लहान भोपळा असल्यास तो बहुधा फिरवून काढता येतो. तो काढून स्वतंत्र खोक्यात ठेवावा. तरफांच्या तारा गुंतणार नाहीत इतपतच सैल कराव्यात. पडदे दोऱ्याने बांधलेले असल्याने ते किंचित सरकले तरी पुन्हा जागेवर आणता येतात. मात्र पडदे आणि तारा यांच्यामध्ये पातळ कापडाची पट्टी सरकवल्यास तारांचे घर्षण टळते.

खुंट्या काढायच्या असल्यास प्रत्येक खुंटीवर आणि तिच्या भोकाजवळ क्रमांकाची चिठ्ठी लावावी. प्रत्येक खुंटी तिच्याच भोकाच्या मापाने घासलेली असते. अदलाबदल झाल्यास ती धरत नाही.

भोपळ्याला चुंबळीचा आधार

घागर डोक्यावर घेताना खाली चुंबळ घेतात, कारण गोल बुडाचे वजन एका बिंदूवर न येता भोवतालच्या कड्यावर विभागले जाते. भोपळ्याच्या बांधणीचे तत्त्वही हेच आहे. जाड कापडाची किंवा स्पंजाची मोठी, रुंद चुंबळ करून त्यात भोपळा बसवावा. भोपळ्याचा सर्वांत फुगीर भाग खोक्याच्या तळाला किंवा भिंतीला टेकू नये. चुंबळीच्या मधल्या पोकळीतही मऊ भरण असावे, म्हणजे धक्का बसल्यावर भोपळा खाली घसरणार नाही.

वाद्य आडवे ठेवताना तबली वरच्या बाजूस आणि भोपळ्याची पाठ चुंबळीत असावी. तबलीवर थेट दाब येऊ देऊ नये. तिच्यावर प्रथम मऊ सुती कापड, त्यावर स्पंजाचा थर आणि त्यावर पुठ्ठ्याची सपाट पाटी असा क्रम ठेवल्यास वरून आलेला भार सर्वत्र सारखा पसरतो. हवेच्या बुडबुड्यांचे प्लास्टिक थेट चकाकी दिलेल्या लाकडाला लावू नये. उन्हाळ्यात मालगाडीच्या डब्यात किंवा बंद ट्रकमध्ये बरीच उष्णता निर्माण होते आणि प्लास्टिकचे ठसे लाखेवर कायमचे उमटू शकतात. आधी सुती कापड, मग प्लास्टिक हा क्रम कधीही मोडू नये.

दांडीला किमान दोन ठिकाणी आधार द्यावा. एक गळ्याजवळ आणि दुसरा खुंट्यांच्या अलीकडे. हे दोन्ही आधार अशा उंचीचे असावेत की दांडी सरळ राहील आणि तिचे वजन भोपळ्यावर लोंबकळणार नाही. दांडीचे टोक खोक्याच्या भिंतीपासून किमान चार ते पाच इंच दूर असावे, कारण खोका उभा पडल्यास पहिला आघात तेथेच होतो.

पेटी आणि बाहेरचा खोका

गवसणी धूळ आणि ओरखडे यांपासून रक्षण करते, आघातापासून नाही. दूरच्या प्रवासासाठी फायबरग्लासची अथवा प्लायवुडची कठीण पेटी हवी. परंतु कठीण पेटी पुरेशी आहे असे समजणे ही सर्वसाधारणपणे आढळणारी चूक होय. पेटी कठीण असल्याने ती धक्का शोषत नाही. तो जसाच्या तसा आत पोहोचवते. म्हणून पेटीच्या बाहेर पाच किंवा सात पदरी पुठ्ठ्याचा खोका असावा आणि दोहोंमध्ये सर्व बाजूंनी सुमारे दोन इंच, तर दोन्ही टोकांना तीन ते चार इंच भरण असावे. भरण इतके दाबून भरू नये की ते दगडासारखे घट्ट होईल आणि इतके सैलही नसावे की प्रवासात खाली बसून पोकळी निर्माण होईल. कागदाचे चुरगळलेले गोळे, स्पंजाचे तुकडे किंवा बुडबुड्यांचे प्लास्टिक यांचा उपयोग करता येतो. थर्माकोलचे सुटे मणी हालचालीने एका बाजूस गोळा होतात, त्यामुळे जड वाद्यासाठी ते एकटे पुरेसे नाहीत.

खोका बंद करण्यापूर्वी एक सोपी चाचणी करावी. खोका हळूवारपणे चारही बाजूंना कलता करावा. आतून सरकल्याचा, खडखडण्याचा कोणताही आवाज आल्यास खोका उघडून पुन्हा भरण करावे. खोका वाटेत कमरेच्या उंचीवरून पडू शकतो, असे गृहीत धरूनच बांधणी करावी.

काचेचा पेला, वर जाणारे बाण आणि छत्री ही चिन्हे जगभर समजली जातात. ती खोक्याच्या सर्व बाजूंना लावावीत. तथापि माल वाहून नेणारे सरकते पट्टे ही चिन्हे वाचत नाहीत. चिन्ह ही विनंती आहे. संरक्षण आतील भरणानेच होते. पत्ता आणि दूरध्वनी क्रमांक बाहेर लिहावा, तसेच त्याची एक प्रत पेटीच्या आतही ठेवावी.

गिटारच्या बाबतीत

गिटारला भोपळा नसला तरी धोका तसाच असतो. गिटारचे डोके मागे कललेले असते आणि तेथे धातूच्या कळा बसवलेल्या असल्याने ते जड असते. खोका पाठीवर पडला की गिटारची पेटी थांबते, डोके मात्र मागे झेप घेते आणि मानेच्या अरुंद भागात लाकूड मोडते. गवसणीत किंवा कठीण पेटीत डोक्याखाली मोकळी जागा असते, ती बहुतेकांच्या ध्यानात येत नाही. ती जागा कापडाच्या किंवा स्पंजाच्या घडीने भरावी. मात्र डोके वर उचलले जाणार नाही इतकीच घडी असावी. मानेखालीही आधार हवा.

पोलादी तारांच्या सामान्य गिटारवर सर्व तारा मिळून सुमारे ७० ते ७५ किलोग्रॅम इतका ताण असतो. त्या पूर्ण काढण्याची आवश्यकता नाही. एक ते दोन स्वर उतरवल्यास मानेवरचा भार कमी होतो आणि तिचा समतोलही राहतो. तारा आणि मानेवरील पट्ट्या यांच्यामध्ये जाड कागद ठेवावा. पेटीतील लहान कप्प्यात ठेवलेल्या चाव्या, पट्टा, मिजराब किंवा सुटे सामान हलून वाद्यावर आपटू शकते. ते काढून वेगळे बांधावे.

हवामानाचा परिणाम

लाकूड आणि भोपळा दोन्ही हवेतील ओलावा शोषतात आणि सोडतात. दमट हवेत लाकूड फुगते, खुंट्या घट्ट बसतात. कोरड्या हवेत ते आकसते, खुंट्या निसटतात आणि तबलीला भेग पडू शकते. गिटारसाठी ४५ ते ५५ टक्के सापेक्ष आर्द्रता योग्य मानली जाते. पावसाळ्यातील महाराष्ट्रातून हिवाळ्यातील युरोपात किंवा उत्तर अमेरिकेत गेलेले वाद्य एकदम कृत्रिम उष्णतेने कोरड्या झालेल्या घरात पोहोचते. अशा वेळी धक्का न लागताही वाद्य तडकू शकते. शक्य असल्यास अशा पाठवणीसाठी मध्यम हवामानाचा काळ निवडावा. ओलावा शोषणाऱ्या सिलिका जेलच्या पुड्या अतिप्रमाणात घातल्यास वाद्य गरजेपेक्षा अधिक कोरडे होते, याचेही भान ठेवावे.

खोका पोहोचल्यावर तो लगेच उघडण्याचा मोह टाळावा. बाहेरून पाहणी आणि छायाचित्रे झाल्यावर खोका सुमारे एक दिवस खोलीत तसाच ठेवावा, म्हणजे आतील वाद्य खोलीच्या तापमानाला हळूहळू येते. तारा चढवण्याची घाईही करू नये. तो ताण दोन-तीन दिवसांत टप्प्याटप्प्याने वाढवणे हिताचे असते.

आकारमानाचे वजन

वाहतुकीचा खर्च काढताना अनेकांची फसगत होते. विमानाने माल नेणाऱ्या कंपन्या प्रत्यक्ष वजन आणि आकारमानाचे वजन यांपैकी जे अधिक असेल त्यावर आकारणी करतात. आकारमानाचे वजन काढण्यासाठी लांबी, रुंदी आणि उंची सेंटीमीटरमध्ये मोजून त्यांचा गुणाकार करतात आणि त्यास बहुधा ५,००० ने भागतात. मर्दानी तंबोऱ्याचा खोका १६५ × ६० × ५५ सेंटीमीटर असेल, तर हे वजन जवळजवळ १०९ किलोग्रॅम येते, मग तराजूवर ते २५ किलोग्रॅमच का भरेना. गिटारचा १२० × ५० × २५ सेंटीमीटरचा खोका या हिशेबाने ३० किलोग्रॅमचा ठरतो.

खर्च वाचवण्यासाठी भरण कमी करून खोका लहान करण्याचा मोह येथूनच निर्माण होतो आणि बहुसंख्य नुकसानीचे मूळही येथेच असू शकते. खर्च परवडत नसल्यास भोपळ्याऐवजी सपाट पेटी असलेला प्रवासी तंबोरा मागवावा किंवा वाद्य रेल्वेने स्वतःसोबत न्यावे. भरणात मात्र काटकसर करू नये. टपालाने पाठवताना लांबी आणि घेर यांच्या मर्यादा असतात. त्यांची चौकशी खोका बनवण्यापूर्वीच करावी.

परदेशी पाठवताना

परदेशी जाणाऱ्या खोक्यात किंवा पेटीत कच्चे लाकूड वापरल्यास आंतरराष्ट्रीय वनस्पती संरक्षण नियमांनुसार त्यावर प्रक्रिया झालेली असणे बंधनकारक आहे. उष्णता-प्रक्रियेत लाकडाच्या गाभ्याचे तापमान ५६ अंश सेल्सिअसपर्यंत नेऊन ते सलग ३० मिनिटे राखले जाते आणि तशी मुद्रा लाकडावर उमटवली जाते. मुद्रा नसलेली पेटी बंदरावरच अडवली जाऊ शकते. प्लायवुडला हा नियम लागू नाही. भरणासाठी पेंढा किंवा वाळलेले गवत वापरू नये. कीड पसरण्याच्या भीतीने अनेक देश ते स्वीकारत नाहीत. ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंड येथे वनस्पतिजन्य वस्तूंची तपासणी विशेष कडक असते, त्यामुळे वाद्यात वाळलेला भोपळा आहे हे कागदपत्रांत स्पष्टपणे नमूद करावे. सीमाशुल्काच्या वर्गीकरणात संगीतवाद्ये ९२ व्या प्रकरणात आणि तंतुवाद्ये ९२०२ या शीर्षकाखाली येतात.

लाकडाच्या जातीकडेही लक्ष द्यावे लागते. शिसवाच्या वर्गातील सर्व वृक्ष २ जानेवारी २०१७ पासून वन्य जीव आणि वनस्पती यांच्या आंतरराष्ट्रीय व्यापाराचे नियमन करणाऱ्या सायटीस कराराच्या दुसऱ्या परिशिष्टात आले. त्यामुळे गिटार आणि इतर वाद्यांना परवान्याची अट लागली. वादक आणि कारागीर यांनी अडचणी मांडल्यानंतर २६ नोव्हेंबर २०१९ पासून तयार वाद्यांना त्यातून सूट मिळाली. ब्राझीलमधील शिसव मात्र १९९२ पासून पहिल्या परिशिष्टात असून त्याला ही सूट नाही. जुन्या सतारी आणि तंबोरे यांवर हस्तिदंताची कलाकुसर किंवा सांबरशिंगाची घोडी असू शकते. हस्तिदंत असलेले वाद्य परदेशी पाठवू नये. सांबरशिंग किंवा अन्य प्राणिजन्य भाग असल्यास वन्यजीव विभागाकडे आधी चौकशी करावी.

कार्यक्रमासाठी वाद्य नेऊन परत आणायचे असल्यास निघतानाच सीमाशुल्क अधिकाऱ्यांकडून निर्यातीचे प्रमाणपत्र घ्यावे, म्हणजे परतताना शुल्काचा प्रश्न उद्भवत नाही. एकाच दौऱ्यात अनेक देशांत जाणाऱ्यांसाठी एटीए कार्नेट या दस्तऐवजाची सोय असून भारतात तो फिक्की या संस्थेकडून दिला जातो.

विमा आणि तक्रारीची मुदत

हवाई मालवाहतुकीतील भरपाई वजनावर आधारित असते. १९९९ च्या माँट्रियल करारानुसार मालाची अधिक किंमत आधी जाहीर केलेली नसल्यास भरपाईला कमाल मर्यादा आहे. २८ डिसेंबर २०२४ पासून ती किलोग्रॅममागे २६ विशेष आहरण हक्क, म्हणजे ढोबळमानाने तीन हजार रुपयांच्या आसपास आहे. वाद्य हलके आणि मोलाचे असल्याने ही मर्यादा वादकाच्या हिताची नाही. म्हणून किंमत जाहीर करावी आणि मालवाहतुकीचा स्वतंत्र विमा उतरवावा. अपुऱ्या बांधणीमुळे झालेले नुकसान विम्यातून सर्वसाधारणपणे वगळलेले असते. बांधणीच्या प्रत्येक टप्प्याची छायाचित्रे येथे उपयोगी पडतात.

याच करारानुसार विमान प्रवासातील सामानाच्या नुकसानीची लेखी तक्रार सामान मिळाल्यापासून सात दिवसांत, तर मालाबाबत चौदा दिवसांत करावी लागते. कॅनडातील गायक डेव्ह कॅरोल यांची गिटार २००८ मध्ये हॅलिफॅक्स ते ओमाहा या विमानप्रवासात मोडली. कंपनीने ठरवलेल्या चोवीस तासांच्या मुदतीत तक्रार नोंदवली नाही, या कारणावरून त्यांना भरपाई नाकारण्यात आली. जुलै २००९ मध्ये त्यांनी या प्रसंगावर रचलेले गाणे इंटरनेटवर जगभर गाजले. परंतु प्रत्येक वादकाला असे गाणे रचून न्याय मिळत नाही. म्हणून खोका स्वीकारतानाच तो चेपलेला, भिजलेला किंवा फाटलेला आढळल्यास पोचपावतीवर तसा शेरा लिहावा, खोका आणि भरण जपून ठेवावे आणि त्याच दिवशी लेखी कळवावे.

तंबोरा एका दिवसात तयार होत नाही. भोपळा पिकून वाळण्यापासून जवारी साधेपर्यंत त्यावर अनेक हात अनेक महिने राबतात. लहान कारागिराला एक मोडलेले वाद्य म्हणजे तितक्या महिन्यांच्या कष्टाचे नुकसान असते आणि गायकाला ती सुराची सोबत गमावणे असते. बांधणीसाठी दिलेला एक दिवस त्या तुलनेत फार नाही.